दात पाहणारा देवीलाल

"म्हातारा हाय हा! तोंडच सांगून राह्यलं, मले काय इचारता?"

बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून बापू ओरडला. आर्णीचा बैलबाजार, भोवती बघ्यांचं कोंडाळं. महागावचं गिऱ्हाईक लगेच मागे सरलं. बैल नेमसिंगकाकाचा, बापूच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. वाटणीनंतर शेताच्या बांधाच्या, धुऱ्याच्या वादातून दोघांचं बोलणं बंद झालं. पण देवीलालने, म्हणजे माझ्या बापूने, दात पाहिल्याशिवाय इथे कोणी बैल घेत नाही, आणि त्याने म्हातारा म्हटलेला बैल आल्या वाटेने परत जातो. केवढी ती ऐट! बापूचा गुडघा गेलाय, म्हणून मीच त्याला स्कूटीवर आणते आणि ही ऐट बघत उभी राहते.

"भिया, सहा वर्साचा बैल हाय," काका म्हणाला. "तुह्याच कोठ्यात जलमला. वाटणीत तूच देल्ला हा गोऱ्हा मले."

"मंग दात काहून झिजले? भावाले फसवलं, आता बाजारालेही फसवतं काय?"

मी पुढे झाले. या बैलाला ओळखायला मला दात लागत नाहीत. याची माय व्याल्यावर मेली, तेव्हा बाटलीने दूध मीच पाजलं. मी वाकून त्याच्या तोंडात पाहिलं आणि अंगाची लाही लाही झाली. दातांवर तपकिरी पट्टे, कडा खरवडल्यासारख्या. असले दात मी रोज आरशात बघते.

आमच्या तांड्यात बापूने स्वतः उभं राहून बोअर मारून घेतला, त्या पाण्याची ही करणी. शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं होतं, दातावरचं कवच हाडापेक्षा कठीण असतं, पण ते हिरडीच्या आत लहानपणीच तयार होतं. तेव्हा पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की कवच कच्चं राहतं, डागाळतं, लवकर झिजतं. पोराचं काय न् वासराचं काय, सारखंच. आणि एकदा गेलं की पुन्हा येत नाही.

त्या दिवशी शाळेतून घरी येऊन मी सगळं सांगितलं. बापू म्हणाला, "लपूनछपून तंबाखूचा खर्रा खाते, अन् पाण्याचं नाव घेते!" तेव्हापासून कोळशाच्या भुकटीचा डबा मोरीवर आला. बापू समोर उभा राहून दात घासायला लावायचा, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. होतं नव्हतं ते कवचही त्यात गेलं. वर सोयरिकीला आलेल्यांना हाच सांगायचा, "सवय होती पोरीले, सोडवली म्या." मग कशाची सोयरीक जमते! त्याचा स्वतःचा खर्रा मात्र अजून सुटलेला नाही.

भर बाजारात तोंडावरची ओढणी मी ओढून काढली.

"बापू, माहे बी पाह्य ना! सांग या लोकायले, मी किती वर्साची?"

बैलाच्या लाळेने ओला झालेला अंगठा बापूने तसाच धरला होता. त्याने माझ्या दातांकडे पाहिलं, पुन्हा बैलाचा ओठ दाबला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"झाक तोंड," तो पुटपुटला.

"नाही झाकत. या बैलानं बी खर्रा खाल्ला काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. बापूने अंगठा धोतराला पुसला.

"सहाच वर्साचा हाय," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "माही चूक झाली. आमच्या तांड्याचं पाणी खराब हाय. जनावर चांगलं हाय, ने."

जिंदगीत पहिल्यांदा देवीलालने शब्द मागे घेतला, आणि तो बैलासाठी घेतला. माझ्याशी एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीवर कोळशाचा डबा नव्हता. याडीला, म्हणजे माझ्या आईला, विचारलं.

"तुह्या बापूनं उकिरड्यावर फेकला," ती हळूच म्हणाली. "जाऊ दे आता बाई. तोंडानं नाही सांगत थो."

बैलासाठी बरं तोंड होतं!

नुसतं फेकून भागणार नव्हतं; उकिरडा उकरून मी डबा शोधून आणला. राखेने घासून लख्ख केला आणि मोरीवर, बापू तोंड धुतो त्या दगडापाशी, होता तिथेच ठेवला. तांब्या घेऊन तो आला. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी घेतली नव्हती.

"बबिता," तो म्हणाला.

मी उभीच राहिले. ऐकायला तयार होते.

भरलेला तांब्या डब्याशेजारी ठेवून, तोंड न धुताच तो कोठ्याकडे लंगडत गेला.