घरचा उच्चार

बाईंनी तालमीत दंतवैद्याला पुन्हा थांबवलं आणि खुर्चीतून उठून थेट मंचावर गेल्या.

“‘आपली’ म्हणा. तोंडात घास धरल्यासारखं ‘आपलीऽऽ’ नको. राष्ट्रपुरुष बोलतोय हा, दाढदुखीचा पेशंट नव्हे.”

दंतवैद्याने शांतपणे मान डोलावली आणि वाक्य परत तसंच ओढलं, “आजपासून ही भूमी आपलीऽऽ.”

विंगेतल्या बायकांना हसू आवरेना.

बाई राजधानीतल्या नावाजलेल्या नटी. स्थापनादिनाचं नाटक बसवायला सांस्कृतिक खात्याने त्यांना या वस्तीत धाडलं होतं. इथल्या लोकांचे आजी-आजोबा सीमेपलीकडून आलेले. इतकी वर्षं इथलं खाऊनही ज्यांची जीभ वळली नाही, त्यांच्या तोंडी देश देणं बाईंना पोरखेळ वाटे. चारचौघांत त्या असं बोलत नसत. बहिणीला मात्र फोनवर रोज ऐकवत.

प्रयोगात दंतवैद्याने ते वाक्य आणखीच लांबवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. पण शेवटचा शब्द संपायच्या आत सगळी वस्ती उभी राहिली आणि त्याच हेलात तो शब्द म्हणू लागली. पहिल्या रांगेतले खात्याचे सचिवही उठले. त्यांचा चष्मा ओला झाला होता.

हेच नाटक राजधानीत होईल तेव्हाही राष्ट्रपुरुष असाच बोलला पाहिजे, असं सचिवांनी सांगितलं. कल्पना कुणाची, असंही विचारलं. बाईंनी ती आपलीच असल्याचं सांगून टाकलं.

राजधानीतला नट नावाजलेला होता, पण त्याला तो हेल कुठून यावा? म्हणून बाई फोन घेऊन दवाखान्यात आल्या आणि वाक्य रेकॉर्ड करून मागितलं. दंतवैद्याने हात पुसले, मास्क खाली ओढला.

“आजपासून ही भूमी आपली.”

स्वच्छ, ठाशीव. बाईंच्या गुरूंनाही खोड काढता आली नसती.

“असं नाही. परवा म्हणालात तसं.”

“तसं आम्ही घरात बोलतो, बाई.”

“हे येत होतं, तर तालमीत का नाही म्हणालात?”

“तिथं सगळी घरचीच होती.”

त्याने मास्क वर चढवला आणि पेशंटकडे वळला.

बाई बाहेर आल्या. बाकावरची एक म्हातारी त्यांना पाहून बाजूला सरकली. आतापर्यंत शेजारणीशी हेल काढून बोलत होती. बाईंकडे वळताच प्रत्येक अक्षर नीट उच्चारत म्हणाली,

“बसा ना. तुमचाही नंबर येईल.”