तार येईपर्यंत

आमच्या ह्यांचा फोटो टीव्हीवर आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. कारगिलची लढाई चालू होती, आणि वडूजजवळच्या आमच्या वाडीत केबल येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यातलं एक परदेशी चॅनेल साऱ्या जगात दिसतं, असं केबलवाला सिद्धू छाती फुगवून सांगायचा. त्याच चॅनेलनं सांगितलं, सातारा जिल्ह्यातले जवान जयराज शहीद.

पलटणीकडून तार नाही, फोन नाही. पण माझ्या सासूनं, मनुबाईनं, हंबरडा फोडला आणि अंगण भरून गेलं. बायका माझ्याकडं आल्या त्या बांगड्या फोडायलाच.

"तार आल्याबिगर हाताला हात लावायचा न्हाई," मी म्हणाले, आणि माजघरात शिरून आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी चॅनेलची गाडी दारात उभी राहिली. एक शहरातली बाई माजघराच्या दाराशी येऊन गोड आवाजात म्हणाली, "ताई, दोनच मिनिटं बाहेर या. सगळं जग बघतंय."

"जगाला म्हणावं, तार धाडा."

खिडकीशी कॅमेरा आला म्हणून मी खिडकी लावून घेतली. आत जीव घुसमटत होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकून होते, पण ह्या टीव्हीवाल्यांना मढं होईपर्यंतही दम नव्हता. दाराबाहेर सासू विनवत होती, "राजे, उघड गं. नवरा गेला अन् हिरवा चुडा घालून बसली म्हणतील."

मला मोकळं रडायचं होतं. पण रडले असते तर मीही त्यांचंच खरं मानलं असतं. पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले.

मी बाहेर येईना म्हणून त्यांनी सासूचं रडणं घेतलं. मधेच ट्रॅक्टर धडधडत गेला, तर तिला पुन्हा पहिल्यापासून रडायला लावलं. भोळी बाई, तीही रडली. मग गाडी फलटणकडं निघून गेली.

पुढं तार आली, आणि तिच्यामागोमाग हे आले, तिरंग्यात गुंडाळलेले. मी स्वतःच हात उंबऱ्यावर आपटले. तेव्हा अंगणात कॅमेरा नव्हता.

महिन्याभरानं ह्यांचा पलटणीतला दोस्त जोतीराम कुबडी टेकत आला. ह्यांची ट्रंक आणली होती. चहा तसाच ठेवून जमिनीकडं बघत बसला.

"वैनी, टीव्हीवाल्यांनी सांगितलं तवा जयराज जित्ता व्हता. दवाखान्यात, माझ्या शेजारच्या खाटंवर. लय लागलं व्हतं, पर सुद्दीवर व्हता. वॉर्डात टीव्ही व्हता."

"बोला, भावजी."

"आई रडताना दिसली. त्यो टीव्हीलाच हाक मारायला लागला, आये, मी हाय, मी हाय. मग तुमास्नी हुडकत ऱ्हायला. तुमी दिसला न्हाई तवा म्हणाला, राजीनं त्यांचं ऐकलं न्हाई बघ."

ते जिवंत होते तोवर माझा चुडा शाबूत होता, आणि त्यांना ते ठाऊक होतं. मी ट्रंकेवर डोकं टेकून रडले.

सासू मात्र रडली नाही. ती सरकत सरकत जोतीरामच्या पायाशी आली.

"त्या बाईनं मला दोनदा रडाय लावलं," ती म्हणाली. "दोनी बारीला बघितलं का रं त्येनं?"

जोतीरामनं गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला.