मागे तिघंच

टपाल कचेरीच्या फुटबॉल संघाला वहिनी शिकवायची. सगळेच तिला वहिनी म्हणत, पण संघात सख्खा दीर एकच, आणि बचावाची धुरा त्याच्याकडे.

"वहिनी, मागे चौघं असून आपण गोल खातो. तिघंच ठेवलेस तर पोत्याने खाऊ!" सामन्याआधी तो म्हणाला.

"आणखी दोघं दोन्ही कडांनी पळतील. चेंडू आपल्याकडे आला की पुढे, गेला की मागे."

"नव्वद मिनिटं एवढं पळायला पाय कुणाचे आहेत?"

वहिनीने बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या दोन पोस्टमनांकडे बोट दाखवलं. एकाच्या वाट्याला टेकडीवरची वस्ती होती, दुसऱ्याच्या वाट्याला लिफ्ट नसलेल्या सात इमारती. "ह्यांना नुसतं मागे उभं करून गंज चढवू?"

अर्ध्या तासातच बँकेच्या संघाने डावीकडची मोकळी जागा हेरून गोल केला. दिराने हात उडवले. वहिनीने मांडणी बदलली नाही. ती एवढंच ओरडली, "पोस्टमन पुढे गेला की तू डावीकडे सरक! जागेला खिळून राहू नकोस!"

मग तो सरकू लागला आणि ती वाट बंद झाली. शेवटच्या वीस मिनिटांत बँकवाल्यांच्या तोंडाला फेस आला, पोस्टमन मात्र पळतच होते. त्यांनी कडेने दिलेल्या चेंडूंवर दोन गोल झाले.

शिट्टी वाजल्यावर दीर धापा टाकत आला.

"पुढच्या सामन्यात चौथा देऊ का सोबतीला?" वहिनीने विचारलं.

"नको बाई," तो म्हणाला, "उगाच मधे मधे येईल."