सोनेरी रंगाची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे, आणि खरे सांगायचे तर मी दमले आहे. नदीकाठच्या एका किल्ल्याला थेट पाण्यात उतरणाऱ्या बावीस पायऱ्या आहेत. त्यांच्या बाजूच्या भिंतीत, वरून आठव्या पायरीपाशी, मी माझे आयुष्य काढले.

लोहाराने मला तीन दिवस ठोकून घडवले. गवंड्याने दगडाला भोक पाडले, माझा खिळा त्यात घातला आणि भोवती वितळलेले शिसे ओतले. ते थंड झाले आणि मी दगडाशी एकजीव झाले. मग कित्येक वर्षे धान्याच्या, मिठाच्या, चुन्याच्या नावा मला बांधल्या गेल्या. पुराच्या दिवसांत एकेका नावेची ओढ अशी असे, की मी मेटाकुटीला येई. पण नावाडी माझी कदर करत. दोर बांधण्याआधी प्रत्येक जण वल्ह्याच्या दांड्याने मला एक टोला देई आणि कान देऊन ऐके. 'ठण्ण' वाजले, तर कडी घट्ट. 'ठप' वाजले, तर शिसे सुटले, गवंड्याला बोलवा. मला दुसरी भाषा येत नाही.

पुढे पूल झाला आणि नावा बंद पडल्या. मला कोणी वाजवेनासे झाले. शिशाला भेगा गेल्या, हे कोणाला कळलेच नाही. तेव्हाच मला रजा मिळायला हवी होती.

रजा कुठली! किल्ला दाखवणाऱ्या ताईंनी मुलांसाठी खजिन्याचा शोध सुरू केला. एक चिठ्ठी बुरुजावर, दुसरी तोफेच्या तोंडात, असे करत करत शेवटची चिठ्ठी अगदी खालच्या पायरीजवळच्या कोनाड्यात. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या, म्हणून मुलांना धरायला एक दोर सोडला, आणि तो बांधला मला! वर सोनेरी रंगाचे दोन हात दिले. रंगाने भेगा झाकल्या आणि सगळ्यांना वाटले, कडीची दुरुस्ती झाली. दर रविवारी वीस-वीस पोरे त्या दोराला लोंबकळत. आज मी सुटले तर ही पोरे सरळ धारेत जातील, या विचाराने मी जीव मुठीत धरून बसलेली असे.

गेल्या महिन्यात एक म्हातारे नावाडी आपल्या नातीबरोबर आले. नातीची टोळी सगळ्यांच्या पुढे होती. ती दोर धरणार, एवढ्यात आजोबांनी जुन्या सवयीने काठीचा एक टोला मला दिला. पण त्यांना आता कमी ऐकू येते. ते समाधानाने मान डोलावून पुढे निघाले. मी आशा सोडली.

"आजोबा, थांबा," नात म्हणाली. "ठप वाजलं. तुम्ही सांगता तसं ठण्ण नाही वाजलं."

"नक्की?"

"परत मारा बघू."

त्यांनी परत टोला दिला. तिने नकारार्थी मान हलवली. आजोबांनी उभ्या उभ्या दोराची गाठ सोडली.

तिची टोळी चिडली. "अगं, चल ना! ते मागचे आले बघ!" नात रडकुंडीला आली होती. खजिना तिलाही हवाच होता. पण दोराचे टोक छातीशी धरून ती पायरीवर आडवी उभी राहिली.

ताई धावत आल्या. "काका, असं काय करता? आत्ताच तर रंगवलीय कडी!"

"रंग काय धरून ठेवणार, बाई?" आजोबा म्हणाले.

पहारेकरी मामांना हसू आले. "उगाच घाबरवताय पोरांना. ही बघा, हत्ती बांधला तरी हलायची नाही!" असे म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांनी हिसका दिला.

मी सुटले. मामा माझ्यासकट पायरीवर धपकन बसले. कोणी हसले नाही. ताई आधी भिंतीतल्या भोकाकडे आणि मग खालच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सगळ्या मुलांना वर बोलावले आणि एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजले.

त्या दिवशी खजिना कोणालाच मिळाला नाही. टोळी नातीशी बोलेना. आजोबांचा हात धरून ती निघून गेली. तिचे आभार मानायचे राहून गेले, याची मला अजून हळहळ वाटते.

आता मी किल्ल्याच्या कोठीत एका फळीवर पडून आहे. अंगावर धूळ आहे, शेजारी मोडका झाडू आहे, आणि मला कोणी ओढत नाही. माझा खिळा गंजून अर्धा उरला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळेच सांगतात, मीही सांगते. पण रंग फासला म्हणजे जपले, असे होत नाही. वस्तूला अजून काम पेलते का, ते आधी बघा. पेलत नसेल तर तिला बसू द्या.

काल ताई आणि मामा कोठीत आले होते. मामांनी मला उचलून पुसले. "ऐतिहासिक वस्तू आहे. सिमेंट भरून परत तिथंच बसवू," ते म्हणाले. "रविवारच्या आत होऊन जाईल." ताईंनी माझ्या गंजलेल्या खिळ्यावरून बोट फिरवले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असाल, तर रविवारच्या आधी जा. ताईंना गाठा आणि माझा निरोप द्या. म्हणावे, कडी नाही म्हणाली आहे.