डावीकडचा खिसा

"कापड कापायच्या आधी पाण्यात बुडवायचं. काय आटायचं ते बादलीत आटू दे, बाई. अंगावर आटलं की चारचौघांत शोभा होते."

मावशीचं हे बोलणं टाचणी लहानपणापासून ऐकत आली होती. मावशी शिवणकाम करायची. दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत देव आणि स्वयंपाक. भाचीचं 'टाचणी' हे नावही तिनेच ठेवलेलं. पोर अंगाने काडी आणि बोलायला टोचरी. आता ती मोठी झाली होती, लोकांची घरं सजवून देणाऱ्या एका ऑफिसात कामाला होती, पण मावशीसाठी ती अजून टाचणीच.

यंदा उन्हाळा सुरू झाला तसा मावशीने तिच्यासाठी एक झगा शिवला. पांढरं घट्ट कापड, त्यावर निळी उभी रेघ. हात लावला की गार.

"कसलं कापड गं हे?"

"गादीचं."

"गादीचं?"

"गाद्या शिवतो ना तो माझा ओळखीचा, त्याच्याकडे ताग्याचं शेवटचं टोक उरलं होतं. गादी कशी गार लागते अंगाला? तसंच हे. शिवाय सोय बघ, झोप आली की असशील तिथे अंग टाकायचं!"

दोघी पोट धरून हसल्या होत्या. झग्याला एकच खिसा, तोही डावीकडे. टाचणी डावखुरी. शाळेत त्या हाताने फार छड्या खाल्ल्या होत्या. मावशीने मात्र तो हात कधी बदलायला लावला नाही, उलट पहिल्या फ्रॉकपासून तिचे खिसे डावीकडे आणले. "डावखुरीला उजवा खिसा म्हणजे टकल्याला कंगवा," असं म्हणायची.

झगा अंगावर घालून बघताना, तोंडात टाचण्या धरल्या असतानाच मावशी म्हणाली, "तुझ्या त्या फिरणाऱ्या मंडळींत मला एकदा नेशील का गं? या गावात जन्म गेला, पण मी बघितलं काय, तर लोकांच्या कंबरा."

"नेईन की! येत्या रविवारी. सगळ्यांच्या पुढे चालवीन तुला."

"चालवू नको, गुडघे नाहीत तसले. बसायला काहीतरी घे म्हणजे झालं."

तो रविवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. मावशीने पुन्हा विचारलं नाही. दिलेल्या शब्दाची दुसऱ्याला आठवण करून देणं तिला मागितल्यासारखं वाटे.

फिरणारी मंडळी म्हणजे टाचणीने सुरू केलेली 'सावलीची फेरी'. उन्हाळा आला की लोक पंख्याखाली पडून शहराला शिव्या देतात. ही म्हणायची, शहराला गार कोपरे आहेत, शोधायला हवेत. जुन्या वाचनालयाचा मागचा जिना, जिथे भर दुपारीही वारा वाहतो. बर्फाच्या कारखान्याची बाहेरची भिंत, जिला पाठ टेकली की मणक्यापर्यंत गारवा उतरतो. आणि शेवटी गादीवाल्यांची गल्ली. दोन्ही बाजूंच्या दुकानांनी मिळून वर ताडपत्र्या ताणलेल्या, हवेत कापसाचे तंतू, आणि टोकाला एक मोठं झाड, त्याला दगडी पार नि एक नळ. फेरीला यायची अट एकच: अंगावर काहीतरी याच शहरात विणलेलं किंवा शिवलेलं हवं. ऑफिसातल्या चौघींनी सुरुवात केली, पुढे त्यांच्या ओळखीचे, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे. सगळे तिला 'ताई' म्हणायचे. ताईंनी दाखवलेल्या जागा, ताईंची नजर, ताईंची आवड.

गल्लीतली ती जागा मुळात ताईंची नव्हतीच. लहानपणी मावशी बोट धरून तिला तिथे न्यायची, उरलेले तुकडे घ्यायला. "ऊन लागलं की धावायचं नाही, सावली शोधायची," हेही मावशीनेच शिकवलेलं. पण फेरीत हे सांगायची वेळ आली नव्हती. खरं म्हणजे टाचणीने ती येऊच दिली नव्हती.

मग एका रविवारी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून सगळे उभे होते. मंडळींत एक गॉगलवाली होती. तिचं स्वतःचं कपड्यांचं दुकान, भपकेबाज, काचेचं. तिने टाचणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ताई, हा कुठला? आणि खिसा फक्त डावीकडे! काय विचार आहे! कुणी डिझाइन केलाय?"

इथे टाचणीने तोंड उघडून "माझ्या मावशीने" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण त्या दोन शब्दांमागे दोन खोल्या दिसल्या, दारात लटकणाऱ्या लोकांच्या उसवलेल्या विजारी दिसल्या, आणि गादीचं कापड तर डोळ्यांसमोर गादी होऊनच उभं राहिलं.

"आहे एक जण," ती म्हणाली. "फार थोडं काम घेते. नाव सांगू देत नाही."

"म्हणजे डिझायनरच."

"हो."

एकदा 'हो' म्हटलं की त्याला पाय फुटतात. कापड कुठलं, तर हातमागाचं. रेघ कुणाची कल्पना, तर तिचीच. दातांचे डॉक्टर होते बरोबर, ते म्हणाले, "ताई, एकाच खिशाचे पैसे घेतले असतील ना तिने?" सगळे हसले. टाचणीही हसली. तिचा डावा हात मात्र खिशात मुठीसारखा आवळला गेला होता.

गल्लीत शिरल्यावर ताडपत्र्यांखालचा निळसर अंधार अंगावर आला. सगळे "अहाहा" म्हणाले. झाडाजवळ पोचायला चार पावलं उरली असताना टाचणीने बघितलं. पारावर मावशी बसली होती. चपला काढून पाय दगडावर टेकवलेले, शेजारी तुकड्यांची पिशवी, ओंजळीतून नळाचं पाणी निथळत होतं. रविवारी गादीवाला उरलेले तुकडे काढतो, हे टाचणीला पोर होती तेव्हापासून माहीत होतं. पण माणूस स्वतःच्याच थाटात असला की त्याला घरचं वेळापत्रक आठवत नाही.

मावशीने वर बघितलं. तिचा चेहरा असा उजळला, की आठवण झाली तरी टाचणीला पुढे कित्येक दिवस मान वर करता येईना. झगा तिने आधी ओळखला, मग भाचीला. "टाच..." एवढं तिच्या तोंडून निघालंही.

टाचणी म्हणाली, "मावशी, जरा सरकता का? बसायचंय सगळ्यांना."

शब्द खरा होता. मावशीला मावशीच म्हटलं होतं. पण भाजीवालीला, झाडूवालीला, बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणालाही म्हणतात ती ही मावशी. आणि 'सरकतेस' नव्हे, 'सरकता'. जन्मात कधी तिने मावशीला अहो-जाहो केलं नव्हतं.

मावशीने तिच्याकडे बघितलं. मग मागच्या सहा-सात जणांकडे, त्यांच्या टोप्यांकडे, गॉगलांकडे. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना, ताई," ती म्हणाली. "जागा काय, सगळ्यांचीच आहे."

मंडळी बसली. पाणी प्यायली, तोंडावर हबके मारले. गॉगलवाली मावशीच्या शेजारीच टेकली होती. पिशवीतले तुकडे बघून तिला वाटलं, हिला कापडातलं कळत असणार.

"मावशी, हे कापड बघा बरं आमच्या ताईंचं. हातमागाचं आहे."

मावशीने झग्याची कड दोन बोटांत धरली. तिने स्वतः हाताने दुमडून घातलेली कड. अंगठ्याने तिने शिवण चाचपली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. "आधी पाण्यातून काढलंय. आटायचं नाही."

"बघा! यांना बघताक्षणी कळलं."

दातांचे डॉक्टर थट्टेने म्हणाले, "मावशी, तुम्ही ताईंकडे असं बघताय, जसं काही जुनी ओळखच आहे!"

टाचणीने मावशीच्या तोंडाकडे बघितलं. तिला मावशीचा नेम ठाऊक होता. रोज सकाळी, सुईत दोरा ओवायच्या आधी, मावशी मशीनच्या चाकावर हात ठेवून डोळे मिटायची नि म्हणायची, "देवा, आज दोऱ्याला गाठ पडली तर पडू दे, जिभेला पडू देऊ नको." खोटं बोलणं म्हणजे तिच्या लेखी जिभेची गाठ. तो नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मशीनवर चादर आणि तोंडाला कुलूप. टाचणीच्या आठवणीत असं एकदाच झालं होतं, शेजारच्या मरणाऱ्या म्हातारीला मावशीने "उद्या उठून बसाल" म्हटलं होतं तेव्हा.

"नाही हो," मावशी म्हणाली. "मी कशी ओळखणार?"

ती उठली. चपला पायात सरकवल्या. जाताना टाचणीकडे न बघता, पण तिच्याच बाजूला तोंड करून म्हणाली, "येते, ताई." आणि ताडपत्र्यांखालून, भिंतीचा आधार घेत घेत, एका पायावर जास्त भार देत निघून गेली.

त्या दिवशीची उरलेली फेरी टाचणीने कशी संपवली, तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती मावशीकडे गेली. मुद्दाम तोच झगा घालून. दुसऱ्या कपड्यात जाणं म्हणजे आणखी एक लपवाछपवी वाटली असती. दारात एक गिऱ्हाईक, दवाखान्यातली नर्स, हातात सदरा घेऊन उभी होती.

"आज काम नाही म्हणे," नर्स म्हणाली. "बोलतही नाहीत. चादर घातलीय बघा मशीनवर. यांचा नेम सगळ्या आळीला ठाऊक. एवढ्या सरळ बाईच्या तोंडून खोटं निघालं तरी कसं, देव जाणे."

देवाबरोबर आणखी एक जण जाणत होती. ती नर्सला वाट देऊन आत गेली.

मावशीने तिला बघितलं. खूण करून बसायला सांगितलं, आत जाऊन पाणी आणलं. काचेच्या पेल्यातून, खाली बशी. टाचणीचा पेला पोचे पडलेला, लहानपणापासूनचा, तिथेच फळीवर होता. कदाचित मावशीच्या लक्षातही आलं नसेल. टाचणी पाणी प्यायली, पेला पुन्हा बशीतच ठेवला.

"मावशी," ती म्हणाली, आणि तो शब्दही तिला कालच्या पारावरून उचलून आणल्यासारखा वाटला. "मी... तू माझ्यामुळे नेम मोडलास."

मावशी खिडकीतून बाहेर बघत होती.

"मला लाज वाटली गं. तुझी नाही. म्हणजे, तुझीच. खोटं कशाला बोलू आता. गादीच्या कापडाची, विजारींची, या खोल्यांची. तू ओळख दिली असतीस तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्याचीच जास्त लाज वाटते." मग ती घाईघाईने म्हणाली, "रविवारी सगळ्यांसमोर सांगते. गॉगलवालीला, डॉक्टरांना, सगळ्यांना. आणि तुला नेते म्हटलं होतं, तेही."

मावशीने मान हलवली नाही, ना हो म्हणून, ना नको म्हणून. तिची नजर झग्यावर होती. खिशाचा कोपरा उसवला होता, काल आतून आवळलेल्या मुठीने. तिने पुढे होऊन तो कोपरा धरला. सवयीने तिचा हात मशीनकडे वळला, चादर बघून थांबला. मग तिने आपल्या पदराला लावलेली एक टाचणी काढली, उसवलेल्या जागी टोचली, आणि कोपरा बसला का ते थोपटून बघितलं. बस, तेवढंच. टाचणी कितीतरी वेळ रडत बसली, पण मावशीने तिला जवळ ओढलं नाही, आणि टाचणीलाही वाटलं की तसं व्हायला नको.

दोन दिवसांनी तिने फोन केला. मौन सुटलं होतं.

"बोला," मावशी म्हणाली. गिऱ्हाइकांशी बोलते तसं.

"मावशी, मी."

"हो. ओळखलं."

पलीकडे मशीन चालू होतं.

"रविवारी न्यायला येऊ?"

मशीन थांबलं. दोरा तोडल्याचा बारीक आवाज आला.

"गुडघा कसा असेल त्यावर," मावशी म्हणाली. त्यात 'ये' नव्हतं आणि 'या' सुद्धा नव्हतं.

रविवारी टाचणी लवकर उठली. फेरीच्या मंडळींना मोबाइलवर सगळं लिहून मोकळं व्हावं, असं आठवडाभर मनात येत होतं. तीनदा लिहून तिने पुसलं होतं. तोंडाने केलेलं बोटांनी फेडता येत नाही. सगळे वाचनालयाच्या जिन्यावर जमणार होते. तिथे, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायचं होतं. नुसत्या विचाराने तिचे कान तापले.

तिने झगा घातला. खिशाला ती टाचणी तशीच होती. हात घातला की बोटाला लागायची, पण काढवत नव्हती. तिच्याकडे मशीन नव्हतं, चाक नव्हतं. तिने खिशावरच हात ठेवला, डोळे मिटले आणि मावशीचं वाक्य पुटपुटली, जिभेला गाठ नको एवढंच. पहिल्यांदाच म्हणत होती, त्यामुळे अर्ध्यातच शब्द अडखळले.

मग तिने घडीचं स्टूल काखेत मारलं, पाण्याची बाटली घेतली आणि जिना उतरली. ऊन आताच भिंतीवरून खाली सरकायला लागलं होतं. मोबाइल वाजला, "ताई, निघालात का?" तिने तो न बघताच पिशवीत टाकला, आणि रस्त्याची सावलीची बाजू धरून, वाचनालयाच्या उलट दिशेला, मावशीच्या घराकडे चालू लागली.