चाळीस अक्षरांचा खण

लॉन्ड्रीच्या मोठ्या बाईंचा सुनेवर विश्वास नव्हता, कॉम्प्युटरवर तर मुळीच नाही. दोघं एकमेकांना सामील आहेत, असं त्यांचं पक्कं मत होतं.

कारागिरानं राखाडी कोट पसरून खिशावरच्या शाईच्या डागावर डाग काढायच्या औषधाची बाटली तिरकी केली, तोच बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"मेल्या, थांब! हा डाग काढायचा नाही!"

"चिठ्ठीवर तसं काही नाही, मोठ्या बाई."

छापील चिठ्ठीवर होतं: जुना राखाडी कोट, कोपराला ठिगळ, दोन बटणं. बस्स. बाईंनी तर काल सुनेला सगळं सांगितलं होतं. बटणं सैल, अस्तर फाटकं आणि अगदी शेवटी, डाग वारलेल्या वडलांच्या पेनाचा, मुलीला तो हवाय. ती गिऱ्हाईक मुलगी चार वाजता कोट न्यायला येणार होती.

बाई अक्षरं जुळवत वाचत, पण त्यांनी आठवड्याच्या चिठ्ठ्या एकाखाली एक मांडल्या. लांबलचक सांगितलेली प्रत्येक चिठ्ठी एकाच जागी तुटलेली! म्हातारी अर्धवट बोलते असं लेकाला दाखवायचं, आणि काउंटरवरून उठवायचं. सुनेचा डाव बाईंना कळला.

"माझी जीभ कापतेस होय गं?"

"अहो आई, मी नाही कापत. प्रत्येक नोंदीला काना-मात्रा धरून चाळीसच अक्षरांची जागा ठेवलीय. खण सारखे असले की मशीनला पटकन सापडतं."

"आणि उरलेलं?"

"ते... राहत नाही." सून चाचरली. "मला वाटलं, महत्त्वाचं तुम्ही आधी सांगाल."

"महत्त्वाचं आधी सांगितलं तर पुढचं कोण ऐकतं?"

बाईंनी तिला दंडाला धरून कपाटापुढं उभं केलं. सगळे खण एका मापाचे, बाईंनीच करवून घेतलेले. एकात नुसता कागद: रजई मागच्या खोलीत.

"मावली नाही म्हणून मी रजई कापली का?"

सून कागदाकडं बघतच राहिली. "मशीनलाही असं करता येतं, आई. पण मागं जाऊन आणायला वेळ लागेल."

"लागू दे. तुझ्या चहाची नऊ वर्षं वाट बघतेय."

चारच्या आत सुनेनं मशीनमध्ये तसा फेरफार केला. मुलगी आली, डागावर अंगठा फिरवला आणि कोट अंगात घालूनच गेली.

मग बाईंनी एका पडद्याची नोंद सांगायला घेतली, मुद्दाम लांबण लावून, आणि शेवटी म्हणाल्या, "लिही, हे कुणी कापलं तर मला कळेल."

सुनेनं लिहिलं आणि नोंद परत मागवली. कॉम्प्युटरवर चकरी फिरत राहिली. मग नोंद आली, अख्खी.

बाईंनी बोट ठेवून ती शेवटापर्यंत वाचली. मग, खात्रीसाठी, खालून वर.