शेवटच्या अक्षरापुरती जागा

"ताई, डिझाईन आणलं का आजबी न्हाई?" गोरक्षनाथभाऊंनी छिन्नी खाली ठेवत विचारलं.

राहुरीच्या रस्त्याकडेला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पप्पांचा काळा दगड आडवा पडला होता. घासलेला, कोरा. रविवारी त्यांना जाऊन वर्ष होणार होतं, त्याची प्रार्थना होती. त्याआधी तो कबरीवर बसायला हवा होता.

"आणलंय," मी म्हणाले, पण लॅपटॉप उघडला नाही.

"आणलंय म्हनं!" रूथआत्या म्हणाली. "पुन्याला डिझाईन शिकती अन् बापाचं नाव लिव्हता येईना. भाऊ, तुमीच टाका कम्प्युटरातलं कायतरी. वर दोन कबुतरं."

"कबुतरं नकोत, आत्या."

"मंग काय पायजे ते तरी सांग!"

तेच कळत नव्हतं. कॉलेजात अक्षररचना हा माझा विषय, आणि पप्पा गेल्यापासून माझ्या हातून एकही काम पुरं झालेलं नव्हतं. त्यांच्या नावाचे कितीतरी नमुने केले. समास नेटका, अंतर नेटकं, आणि प्रत्येक नमुना दवाखान्याच्या पाटीसारखा. मला हे कधी येतच नव्हतं, की येत होतं ते गेलं?

पप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. दर रविवारी भक्तीआधी चर्चच्या फळ्यावर गीतांचे क्रमांक खडूने लिहायचे. पहिला आकडा ऐसपैस मांडत, आणि शेवटच्या गीताशी येईपर्यंत फळा संपायचा. तो क्रमांक कडेला अंग चोरून उभा. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "इमान्येल, शेवटचं कंचं रं?" पप्पा तोंडाने सांगायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"खडू आहे का, भाऊ?"

"हाय की. पट्टी धरू?"

"नको."

मी दगडावर वाकले. 'इ' मोठा आला, 'मॅ' त्याहून मोठा. 'न्यु' काढताना कळलं, जागा पुरायची नाही. तरी हात थांबला नाही. 'ए' आखडला. 'ल' कडेला कसाबसा मावला.

आत्या आधी हसली. मग पदर तोंडाशी नेला. "ह्याचं कायम आसंच हुतं," ती म्हणाली.

भाऊंनी ओलं फडकं पुढे केलं. "पुसून परत लिव्हा. छिन्नी लागल्यावर बदल न्हाई."

मी बघत राहिले. कॉलेजात यावर लाल रेघ आली असती. हे माझं होतं, पप्पांचं होतं, की नुसतीच चूक, मला ठरवता येईना. फडकं घेतलं. 'ल'पलीकडची कडेवरची धूळ तेवढी पुसली आणि फडकं परत दिलं.

"बघा बरं का," भाऊ म्हणाले. "मंग कडेचं आधी करतो. तिथंच दगडाची कपची उडती."

त्यांनी छिन्नी 'ल'वर टेकवली. मी दुसऱ्या बाजूने दगड दाबून धरला.